उकळीवर नजर

दक्षिण चीनमध्ये, ग्वांगतोंग प्रांतात, हान नदीच्या काठी चाओचौ नावाचं जुनं शहर आहे. तिथे चहा तीन पेल्यांत ओततात. बसलेली माणसं दोन असोत की पाच, पेले तीनच, आणि तेही दोन घोटांत संपतील एवढे लहान. आधी पाहुण्याने आणि वडीलधाऱ्यांनी उचलायचे. मग ते पेले तिथल्या तिथे उकळत्या पाण्याने विसळायचे, पुन्हा भरायचे, आणि तेव्हा बाकीच्यांची पाळी. आपल्यासमोरचा पेला आधी दुसऱ्याकडे सरकवणं हा तिथला शिष्टाचार आहे.

दगडी कमानींच्या जुन्या रस्त्यावरच्या एका दुकानात मी हा चहा घेतला. दुकानातल्या बाईंनी झाकणाच्या चिनी मातीच्या वाटीत फेंगहुआंगच्या डोंगरावरची लांब, पिळलेली पानं जवळजवळ काठापर्यंत भरली. या वाटीला गायवान म्हणतात. पहिलं पाणी ओतलं आणि लगेच फेकून दिलं. दुसरं काही क्षणच ठेवलं आणि वाटी तिरकी करून तिन्ही पेल्यांवरून गोल गोल फिरवत ओतलं. पहिली धार फिकी येते, शेवटची कडक. गोल फिरवल्याने कुणाच्याच वाट्याला पाणचट चहा येत नाही. या फेऱ्यांना तिथे सेनापती क्वान यूची शहराभोवतीची गस्त म्हणतात आणि शेवटचे थेंब एकेका पेल्यात मोजून टाकण्याला हान शिनची सैन्यमोजणी. त्याच पानांवर त्या पुन्हा पुन्हा पाणी ओतत राहिल्या. दर वेळी चव बदलली: आधी फुलांचा वास, मग मधाचा, मग जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळणारा तुरटपणा. हा गोंगफू चहा. 2022 साली चीनमधल्या पारंपरिक चहाच्या कलांना युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्यात चाओचौचाही समावेश आहे.

माझ्या लक्षात राहिली ती त्या बाईंची नजर. गिऱ्हाइकाशी बोलताना, पैसे मोजताना ती किटलीकडे वळत होतीच. आठव्या शतकात लू यू नावाच्या विद्वानाने 'चा चिंग' हा चहावरचा ग्रंथ लिहिला, त्यात उकळीचे तीन टप्पे सांगितले आहेत. पहिल्यात माशाच्या डोळ्यांएवढे बुडबुडे येतात आणि बारीक आवाज होतो. दुसऱ्यात भांड्याच्या कडेने मोत्यांच्या सरी चढतात. तिसऱ्यात लाटा उसळतात. त्यापुढे पाणी म्हातारं झालं, ते चहाला घेऊ नये. बाराशे वर्षांपूर्वीचं हे सगळं शास्त्र म्हणजे शेवटी विस्तवासमोर बसलेल्या माणसाचं लक्ष आहे.

अशी नजर मला ओळखीची होती. पुण्याच्या पेठांतल्या अमृततुल्यात, पितळी पातेल्यामागे मांडी घालून बसलेल्या माणसाची. मार्गशीर्षातल्या एका पहाटे साताऱ्याहून मी पुण्याला निघाले ती हा चहा त्याच आदराने, सावकाश बघायला. पिशवीत आमच्या भागातलं नुकतं काढलेलं आलं घेतलं होतं. सातारा जिल्ह्यात आलं भरपूर पिकतं, आणि चहावाल्याकडे रिकाम्या हाताने कशाला जायचं?

स्वारगेटला उतरले तेव्हा अजून उजाडायचं होतं. शिवाजी रस्त्याने चालत मंडईपर्यंत आले. महात्मा फुले मंडईच्या दगडी इमारतीभोवती टेम्पो लागले होते, हमाल पोती उतरवत होते, मेथीच्या जुड्यांवर पाणी मारणं चालू होतं. जवळच्याच एका बोळात, शंकराच्या नावाचं एक अमृततुल्य उघडं होतं. ही दुकानं बहुतेक महादेवाच्या नाहीतर देवीच्या नावाने असतात.

दुकान म्हणजे दहा-बारा माणसं जेमतेम बसतील एवढी खोली. भिंतीला लावलेले बाक, दगडी टेबलं, देवाच्या तसबिरीला ताजा हार, उदबत्ती. आणि दुकानाच्या तोंडाशीच, रस्त्याकडे तोंड करून, उंच ओटा. हा ओटा आत, भिंतीमागे नसतो, हे मला फार मोलाचं वाटतं. काय टाकलं, किती टाकलं, दूध कसलं, सगळं उघड्यावर. चाओचौमध्येही चहा पाहुण्याच्या डोळ्यांदेखतच होतो. स्वयंपाकघरातून तयार होऊन येत नाही. ज्याच्यासाठी करायचा त्याच्यासमोर करायचा, ही दोन्हीकडची अट एकच.

ओट्यावरच्या गृहस्थांना सगळे 'महाराज' म्हणत होते. मीही तेच म्हटलं आणि जरा बघत बसू का, असं विचारलं. "बसा की ताई. बघायला पैसे नाही पडत," ते म्हणाले, आणि ओट्याजवळचा बाक पोराकडून पुसून घेतला. पूर्वी बायका अमृततुल्यात अशा एकट्या बसत नसत. पुरुष आत बसून पीत, घरच्यांसाठी चहा किटलीतून जाई. आता कॉलेजच्या मुली, मंडईतल्या भाजीवाल्या मावशी सहज येऊन बसतात. त्या दिवशी माझ्या शेजारी कोथिंबिरीचा वास घेऊन एक मावशी बसल्या होत्या, त्यांनी चहा बशीत ओतून घेतला.

पातेलं रुंद तोंडाचं, पितळेचं, आतून कल्हईने पांढरं. आधी पाणी आणि साखर. पाण्याला कढ यायच्या आत महाराजांनी पितळी खलात आलं घेतलं आणि बत्त्याचे घाव सुरू केले. दोन घाव आल्यावर, एक खलाच्या कडेवर, पुन्हा दोन आल्यावर. कडेवरच्या घावाने बत्त्याला चिकटलेला चोथा खाली पडतो. बोळात मात्र त्याचा नाद जातो आणि चहा टाकलाय हे समोरच्या छापखान्यापर्यंत कळतं. आलं पाण्यात पडलं, खळखळ उकळलं. मग सालीसकट कुटलेले वेलदोडे. मग चहाची पूड, चमच्याने न मोजता, डब्याच्या झाकणाने. पाण्याचा रंग विटकरीहून गडद झाल्यावर दूध. म्हशीचं.

इथून पुढे महाराज बोलायचे थांबले. दूध पडल्यावर पातेलं काही वेळ गप्प असतं, मग कडेने बारीक फेस धरतो, मग मधोमध फुगवटा येतो आणि क्षणात काठाशी चढतो. त्या क्षणाला डाव आत जातो, चहा उचलला जातो, हातभर उंचावरून पुन्हा पातेल्यात सोडला जातो. उकळी बसते. ज्योत किंचित कमी. पुन्हा चढू देणं, पुन्हा मोडणं. किती वेळा, हे मी विचारलं. "रंग सांगतो," ते म्हणाले. थोड्या वेळाने, आपणहून: "आणि वास. कच्च्या दुधाचा वास गेला पाहिजे आणि वेलचीचा राहिला पाहिजे. मधे फार थोडी जागा असते."

ही जागा ओळखणं हीच ती कला. लू यूच्या मोत्यांच्या सरी आणि महाराजांचा फुगवटा यांत मला काही अंतर दिसलं नाही.

मग गाळणं. किटलीच्या तोंडावर ओलं, चहाने तपकिरी झालेलं फडकं, त्यावर पातेलं, आणि वरून पिळा. ओळीने मांडलेल्या कपांवरून किटली एकदा जाते ती अर्धे भरत, परत येते ती पुरे करत. मी न राहवून त्यांना क्वान यूच्या गस्तीबद्दल सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. एकदम भरला तर पहिल्या कपात फेस आणि शेवटच्यात गाळ."

चव? आधी गोडवा, आणि तो पुणेरी मापाने भरपूर. मग घशात उतरताना आलं, आणि कप खाली ठेवल्यावर वेलदोडा. चहाचं पान स्वतंत्रपणे जिभेला लागत नाही, आणि ते लागावं अशी इथे अपेक्षाही नाही. चाओचौमध्ये एकाच पानाला दहा वेळा थोडं थोडं बोलतं करतात. पुण्यात पान, दूध, साखर, आलं यांची एकच उकळी होते आणि त्यातलं काहीही वेगळं काढून दाखवता येऊ नये यात कसब असतं. दोन्ही रीतींना मी सारखाच मान देते. एकीला चहाची कला म्हणायचं आणि दुसरीला नाश्त्याची सोय, हे मात्र मला पटत नाही.

हे महाराज मूळचे राजस्थानचे. जालोर जिल्ह्यात भीनमाळ नावाचं प्राचीन गाव आहे. त्याचं जुनं नाव श्रीमाळ. गणिती ब्रह्मगुप्ताचं आणि कवी माघाचं नाव या गावाशी जोडलेलं आहे. तिथल्या श्रीमाळी ब्राह्मणांची कुटुंबं गेल्या शतकाच्या सुरुवातीला, जालोर-सिरोही भागातून, पोटापाण्यासाठी पुण्यात आली आणि त्यांनी हा धंदा उभा केला. 1924 साली सोन्या मारुती चौकात आद्य अमृततुल्य सुरू झालं आणि तिथून ही ओळ लागली असं पुण्यात सांगतात. दवे, ओझा, त्रिवेदी अशी आडनावं पुण्याच्या पेठांत आता इतकी मुरली आहेत की त्यांच्या तोंडची मराठी सदाशिव पेठेची वाटते. एक भाऊ आला, त्याने गावाकडून पुतण्याला आणलं, पुतण्याने मेहुण्याला. नवा मुलगा आधी कपबशा विसळायचा, मग किटली घेऊन दुकानोदुकानी फिरायचा, आणि बऱ्याच वर्षांनी त्याच्या हाती डाव यायचा. "मी आधी नुसता आवाज ऐकायचो," महाराज म्हणाले. "विसळताना पाठ ओट्याकडे असायची. उकळीच्या आवाजावरून सांगायचो, काका आता उतरवतील."

दुकानातून निघून मी आधी सोन्या मारुती चौकात गेले, मग तिथून दक्षिणेला वळून गुरुवार पेठेत पंचहौदापाशी आले. पुण्याच्या चहाची गोष्ट इथे आल्याशिवाय पुरी होत नाही. 1885 साली बांधलेलं पवित्र नाम देवालय इथे उभं आहे आणि त्याचा घंटेचा उंच मनोरा चर्चपासून सुटा आहे. ऑक्टोबर 1890 मध्ये इथल्या मिशनमध्ये एक व्याख्यान झालं आणि नंतर पाहुण्यांना चहा-बिस्किटं देण्यात आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कुणी चहा घेतला, कुणी कपाला नुसता हात लावला, कुणी तोही लावला नाही. घाट घातला होता गोपाळराव जोशी यांनी, डॉक्टर आनंदीबाईंच्या पतीने. आणि उपस्थितांची नावं 'पुणे वैभव' या पत्रात छापून आली. मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून पुढे जे पेटलं त्याला पुणं चहा-ग्रामण्य म्हणून ओळखतं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, त्यांनी चौकशीसाठी मंडळ नेमलं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानडे यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतलं. ते रमाबाई रानडे यांच्या मनाला किती लागलं हे त्यांनी आपल्या आठवणींत मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे.

एक कप चहा. त्यासाठी देशातली त्या वेळची सर्वांत तल्लख माणसं दोन वर्षं खुलासे देत होती. आणि तिथून चालत काही मिनिटांवर असलेल्या चौकात, 34 वर्षांनी, चहाचं दुकान निघालं आणि त्याच्या पाटीवर अमृताचं नाव आलं. मला वाटतं, या दोन गोष्टींना जोडणारा दुवा ओट्यावर बसलेल्या माणसाच्या जानव्यात आहे. सोवळं पाळणाऱ्या पुणेकराला बाहेरचा चहा घ्यायचा तर तो कुणाच्या हातचा, हा प्रश्न पडायचा. श्रीमाळी ब्राह्मणाने, धुतलेल्या धोतरात, लखलखीत पितळेच्या भांड्यात, देवाला उदबत्ती लावून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत केलेला चहा त्याला चालण्यासारखा होता. ही दुकानं रुजण्यात चवीइतकाच हाही भाग असणार, आणि त्यांच्यावर प्रेम असलेल्यांनी तो लपवू नये.

म्हणूनच पंचहौदापासून मी पुढे गंज पेठेत, महात्मा फुले यांच्या वाड्यावर गेले. अंगणात पाण्याचा हौद आहे. 1868 साली जोतीरावांनी तो अस्पृश्यांना पाणी भरायला खुला केला. लू यूने चहाच्या पाण्याची प्रत लावली आहे: डोंगरातलं उत्तम, नदीचं मध्यम, विहिरीचं कनिष्ठ. पेशवाईत कात्रजच्या तलावातून नळाने पुण्यात डोंगराचंच पाणी येत होतं, पेठापेठांतले हौद त्याने भरत होते. लू यूने ते नावाजलं असतं. पण त्या पाण्याला कुणी हात लावायचा याचा क्रम जातीने ठरवलेला होता. पुढे 1970 च्या दशकात बाबा आढाव यांना पुण्यातून 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ गावोगाव न्यावी लागली, आणि कित्येक खेड्यांत चहाच्या टपरीवर वेगळ्या कपबशा तेव्हाही होत्याच. सकाळी मंडईजवळ हमाल, वकील, भाजीवाली मावशी आणि मी एकाच किटलीतून प्यायलो. त्या बाकापर्यंत यायला या शहराला किती वेळ लागला हे या हौदाच्या काठावर उभं राहिलं की कळतं.

दुपारी कसबा पेठेत तांबट आळीला गेले. पेशवाईत कोकणातून आलेल्या त्वष्टा कासारांची ही आळी. तांब्याच्या पत्र्यावर मठाराचे ठोके बरोबर अंतरावर पाडत जाण्याचं काम अजून काही घरांत चालतं. ठोक्यांनी भांडं देखणं तर होतंच, पण धातू घट्टही होतो. अमृततुल्याचं पातेलं पितळेचं, ते बहुतेक भांड्यांच्या बाजारातून येतं. तरी त्याची दुखणी-खुपणी याच कारागिरांच्या जगातली. कल्हई उडाली की दुधाचा चहा कळकतो. मग भाता आला, कोळसा आला, नवसागराची चिमूट आणि कापसाचा बोळा आला. तापलेल्या पितळेवर कथलाचा तुकडा टेकवला की तो पाण्यासारखा पसरतो आणि बोळ्याच्या एका फिरक्यात पातेलं चांदीचं होतं. कल्हईवाले आता शोधावे लागतात. चीनमध्ये यीशिंगच्या जांभळट मातीची चहादाणी कधी साबणाने धूत नाहीत. वर्षानुवर्षांचा चहा तिच्या अंगात मुरू देतात आणि त्या झिलईचं कौतुक करतात. इथे पातेलं रोज चिंचेने आणि राखेने घासून कालची खूणही न ठेवता उद्याच्या पहाटेसाठी पालथं घालतात. तिथे भांड्याने सगळं लक्षात ठेवायचं. इथे ते काम माणसाच्या हाताकडे आहे.

म्हणून तर मला काळजी वाटते. गेल्या काही वर्षांत अमृततुल्याच्या पाट्या महाराष्ट्रभर लागल्या, आमच्या साताऱ्याकडच्या महामार्गावरही. चकचकीत दुकान, मापात बांधून आलेला मसाला, ठरावीक पूड, ठरावीक वेळ. चव सगळीकडे एक. त्यातून हजारो तरुणांना काम मिळालं हे चांगलंच झालं, आणि प्रवासात तो चहा मीही घेते. पण मसाला पुडीतून आला आणि वेळ घड्याळाने सांगितली की ओट्यावरच्या मुलाला उकळीकडे बघण्याची गरज उरत नाही. बघायची गरज नसेल तर तो शिकणार कसा? वारसा फेरीत पुण्यात वाडे दाखवतात, देवळं दाखवतात, दाखवायलाच हवीत. त्याच फेरीत पहाटेचं एक पातेलंही असायला हवं, कारण वाड्याची डागडुजी करता येते. डाव धरलेला हात थांबला की त्याची डागडुजी होत नाही.

संध्याकाळच्या गर्दीआधी एक निवांत तास असतो. तेव्हा मी पुन्हा मंडईजवळच्या दुकानात गेले. महाराज पुडीच्या डब्यांवरून हात फिरवत होते. आसामची पूड, सीटीसी: पान चिरडून, फाडून, गुंडाळून केलेले बारीक दाणे. हे यंत्र 1930 च्या सुमारास आसाममधल्या आमगुरी मळ्यात निघालं आणि दूध घालून उकळायच्या चहाला असा दाणाच हवा होता. त्याच्याही शंभर वर्षं आधी आसामात चहाचा कारभार सुरू झाला तो चिनी कारागीर आणून. पानं कशी सुकवायची, कशी मळायची, हे त्यांनी दाखवलं, आणि 1839 मध्ये आसामचा पहिला चहा लंडनला लिलावात विकला गेला. आसामातल्या माकुमला चिनी वंशाची मोठी वस्ती होती. 1962 च्या युद्धात तिथल्या लोकांना उचलून थेट राजस्थानात, देवळीच्या छावणीत ठेवलं. मी हे सांगत होते तेव्हा 'राजस्थान' ऐकून महाराजांनी मान वर केली. "देवळी?" ते म्हणाले. "टोंकजवळचं?" मग काही बोलले नाहीत.

मी पिशवीतलं आलं पुढे केलं. त्यांनी एक गड्डा मोडला, नाकाशी नेला, मोडलेल्या जागेवर अंगठा दाबला. पाणी सुटलं. "नवं आहे," ते म्हणाले. "वास छान. पण धार नाही अजून. याचा चहा करायचा तर दीडपट लागेल." शेजारच्या टोपलीतला जुना, सुरकुतलेला तुकडा काढून त्यांनी मोडला: दोरे निघाले, आणि हातभर अंतरावरून नाकात तिखट वास आला. लू यूला चहात आलं मान्य नव्हतं. त्याच्या काळात चिनी लोक चहात आलं, कांद्याची पात, खजुरासारखी फळं, संत्र्याची साल, पुदिना घालून उकळत, आणि त्या चहाची किंमत त्याच्या लेखी गटाराच्या पाण्याएवढी होती. पण त्याचं सगळ्यांनी कुठे ऐकलं? दक्षिण चीनमधले हाक्का लोक अजूनही चहाची पानं, तीळ, शेंगदाणे खाचांच्या मातीच्या वाडग्यात लाकडी दांड्याने कुटून त्यावर गरम पाणी ओततात. त्यांना बत्त्याचा हा ठेका परका वाटणार नाही.

"आलं आधी पाण्यातच का उकळता?" मी विचारलं.

"दूध फाटतं नाहीतर. कच्च्या आल्याने."

तेव्हा मी त्यांना ग्वांगतोंगमधला एक गोड पदार्थ सांगितला. तिथे हीच गोष्ट मुद्दाम करतात. आल्याचा रस वाटीच्या तळाशी घालायचा, म्हशीचं गोड दूध तापवून, जरा निवू देऊन, एका दमात वरून ओतायचं, आणि हलवायचं नाही. थोड्या वेळात दही लागावं तसं ते लागतं, चमचा वर ठेवला तर बुडत नाही.

"म्हशीचंच?"

"म्हशीचंच चांगलं, म्हणतात. आणि आलं जुनं हवं."

"दूध किती गरम?"

"बोट क्षणभरही ठेववणार नाही, पण उकळीच्या बरंच खाली."

महाराजांनी पोराला हाक मारली, जुनं आलं किसायला सांगितलं, फडक्याच्या कोपऱ्यातून रस पिळला. छोट्या पातेलीत दूध ठेवलं आणि त्यावर वाकून बसले. साय धरायच्या आधीच्या सुरकुत्या आल्या तशी पातेली उतरवली, किंचित थांबले, आणि सकाळी चहा सोडला होता तितक्याच उंचावरून दूध दोन वाट्यांत सोडलं. तोवर दोन हमाल आणि समोरच्या छापखान्यातले काका ओट्याशी येऊन उभे राहिले होते. वाट्यांना कुणी हात लावला नाही. महाराजांनी मधल्या वेळात एक पातेलं चहा उतरवला, गाळला, वाटला, मग चमचा घेतला आणि वाटीत अलगद टेकवला. तो राहिला.

वाटी आधी छापखान्यातल्या काकांकडे गेली, मग हमालांकडे, मग माझ्याकडे. शेवटचा चमचा महाराजांनी खाल्ला, तोंडात घोळवला.

"साखर कमी आहे," ते म्हणाले, आणि पोराला आणखी दूध काढायला सांगितलं.